'जनजागृतीची गरज आहे' हे वाक्य डायरीत येऊ देऊ नका

वन हेल्थच्या (One Health: माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र बघणं) पोस्टिंगला चिंतनाची डायरी ठेवावी लागते. तुम्ही एमपीएचचे (सार्वजनिक आरोग्याचे) असा की व्हेटरनरीचे, गिब्जचं १९८८ चं चक्र (अनुभवावर टप्प्याटप्प्याने चिंतन करायची पद्धत) तुम्हाला पाठ असणारच, त्यामुळे ते इथे सांगत बसत नाही. घात होतो तो 'निष्कर्ष' लिहिताना.

मी ठाण्यात लेप्टोवर, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजारावर, काम करत होते. पावसाळ्यात कळव्याला खाडीलगतच्या एका तबेल्यात जायचे. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात आणि जखमेतून किंवा भिजून मऊ पडलेल्या कातडीतून माणसाच्या अंगात शिरतात. तबेल्यात माणसं अनवाणी शेण काढत होती आणि गमबूट खुंटीला टांगलेले होते. मी डायरीत लिहिलं, 'गमबूट असूनही वापरत नाहीत. जनजागृतीची गरज आहे.'

हे वाक्य खोटं नसतं, म्हणूनच ते घातक आहे. ते लिहिलं की पुढचा प्रश्न सुचतच नाही. सगळा दोष समोरच्या माणसावर जातो, जनावर आणि परिसर नोंदीतून गळतात, आणि तरीही पान पूर्ण झाल्यासारखं वाटतं. गाइडही सही करून मोकळे होतात. अशी दहा पानं झाली की तुमची नजरच तशी बनते. मग तुम्ही तबेल्यात शिरायच्या आधीच निष्कर्ष ठरवून आलेले असता.

बूट का घालत नाही, असं विचारल्यावर तिथले एक काका म्हणाले, "ताई, पाणी घोट्याएवढं असलं तर बूट ठीक. वरून आत शिरलं की दिवसभर पाय त्यातच कुजतो." एवढं पाणी चढतं कधी? जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की. नाला खाडीत उतरत नाही, उलटा फिरतो, आणि म्हशींच्या पायाखालचं पाणी गल्लीत येतं. बिळं बुडाली की उंदीर वैरणीवर चढतात. काकांना लेप्टो माहीत होता. भरतीची वेळ नव्हती ती माझ्या नोंदीत.

तेव्हापासून माझ्या पानावर आधी भरतीची वेळ, पाऊस आणि पाणी कुठून कुठे गेलं हे येतं. मग जनावरं, मग माणसं, आणि शेवटी एक प्रश्न: मी दोष कोणाला दिला आणि कशावरून? हा क्रम मोडू नका.

सीनियरची डायरी मागून घेऊ नका. तिच्यातली भाषा तुमच्या डोक्यात शिरते आणि मग तुम्हाला तेच दिसायला लागतं. गाइडबद्दल माझं मत ठाम आहे: एक डॉक्टर आणि एक पशुवैद्य, दोघांनाही तीच नोंद दाखवा. जिथे त्यांचं पटत नाही तिथेच शिकायला मिळतं. आणि 'छान लिहिलंय' म्हणणाऱ्यापेक्षा 'हे तुला कोणी सांगितलं?' असं विचारणारा गाइड धरून ठेवा.

सुरुवातीची पानं फिकी होतील. होऊ द्या. तिन्ही बाजू पहिल्याच भेटीत कोणालाच दिसत नाहीत, आणि तुम्ही व्हेटरनरीचे नसाल तर म्हशीजवळ उभं राहायलाच थोडे दिवस जातात. त्याने तुम्ही या कामाला नालायक ठरत नाही. जुनी पानं फाडू नका, त्यांच्याखाली नवी तारीख घालून लिहा.

एका बाबतीत मात्र सूट नाही. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यातल्या मेलेल्या बगळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता. मेलेला पक्षी दिसला तर नोंदीसाठीसुद्धा हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. तबेल्यात जाताना पायावरची जखम झाकून जा. नंतर ताप आला आणि पोटऱ्या दुखल्या, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा आणि तबेल्यातल्या पाण्यात उभे होतात हे आधी सांगा. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.