खाऱ्या पाण्याच्या टँकचा लाईट: खिसा रिकामा करणाऱ्या या चुका टाळा

मरीन टँकसाठी, म्हणजे समुद्री जिवांच्या मत्स्यालयासाठी, लाईट घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "टँक किती फुटी?" खरं तर पहिला प्रश्न हवा, "आत काय ठेवणार?" त्याच्या उत्तरावर लाईटचा खर्च पाचपटही बदलू शकतो. घरगुती टँकमध्ये लाईटवर वाया जाणारा बराचसा पैसा या एका न विचारलेल्या प्रश्नापायी जातो.

फक्त मासे ठेवायचे असतील तर प्रवाळांसाठी बनवलेला महागडा रीफ लाईट घेऊ नका. क्लाउनफिश, डॅमसेल, टँग यांना दिवस आणि रात्र यांतला फरक कळण्यापुरता प्रकाश पुरतो. दोन-अडीच फुटी टँकवर 6500 केल्विनची, म्हणजे पांढऱ्या प्रकाशाची, साधी दहा-बारा वॅटची एलईडी पट्टी भागवते. माशांचे रंग खुलून दिसावेत असं वाटत असेल तर शेजारी एक निळी पट्टी लावा. वाचलेला पैसा चांगल्या स्किमरमध्ये (फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्रात) घाला, माशांना त्याचा खरा उपयोग होईल. क्लाउनफिश आहे म्हणून ॲनिमोन (तो समुद्रात ज्याच्या आसऱ्याला राहतो तो फुलासारखा जीव) हवाच, असंही नाही. क्लाउनफिश ॲनिमोनशिवाय टँकमध्ये मजेत राहतो. उलट ॲनिमोन आणलात की तुमचा लाईटचा खर्च एका उडीत वर जातो, कारण त्याला भरपूर आणि स्थिर प्रकाश लागतो.

प्रवाळ ठेवायचे असतील तर आधी कायदा बघा. दगडी सांगाडा बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. मालवणच्या समुद्रातून उचललेला एखादा तुकडाही यात येतो, आणि शिक्षा तुरुंगवासाची आहे. मग "पुढे कधीतरी कडक, म्हणजे दगडी सांगाड्याचे, प्रवाळ ठेवू" म्हणून आजच सगळ्यात ताकदीचा लाईट घेण्यात काय अर्थ? मशरूम, झोअँथिड, लेदर अशा नावांचे मऊ प्रवाळ ठेवणाऱ्याला, तेही परवानगी आणि पावती असलेल्या विक्रेत्याकडून घेऊन, मध्यम लाईट पुरून उरतो.

वॅट आणि लुमेन बघून लाईट घेणं

ही चूक जरा खोलात समजून घ्यायला हवी, कारण फसगत इथेच होते. लुमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो. प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला मात्र मुख्यतः 420 ते 480 नॅनोमीटरचा निळा प्रकाश हवा असतो. तो लुमेनच्या हिशेबात जवळजवळ धरलाच जात नाही. म्हणून अंगणात लावायचा पांढरा फ्लडलाईट खोक्यावर भरघोस लुमेन दाखवतो, आणि त्याच वॅटचा निळा लाईट कागदावर गरीब दिसतो. प्रवाळाच्या दृष्टीने चित्र बरोबर उलटं असतं. मोबाईलमधलं लक्स मोजायचं ॲपही याच कारणाने निळ्या लाईटखाली कमी आकडा दाखवतं.

बघायचा आकडा पारचा (PAR). प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश त्या जागी किती पोचतो, ते पार सांगतो. मऊ प्रवाळांना साधारण 50 ते 150 पार पुरतो, ॲनिमोनला त्याहून जास्त, आणि वर सांगितलेल्या कडक फांदीदार प्रवाळांना 200 ते 350. भर दुपारी उघड्यावर सुमारे 2000 पार असतो, यावरून आपल्या टँकची गरज किती कमी आहे ते लक्षात येईल. पार मीटर महाग असतो, तो एकट्याने विकत घेऊ नका. छंदातल्या ओळखीच्या चौघांनी मिळून एक घ्यावा किंवा कुणाकडून एका दिवसापुरता मागून आणावा. टँक एकदा नीट मोजला की वर्षभर तेवढ्यावर भागतं.

वॅटचंही तसंच. स्वस्त काळ्या पेटीच्या लाईटवर लिहिलेले 165 वॅट ही आतल्या सगळ्या एलईडींची बेरीज असते. प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर जोडून बघा, प्रत्यक्षात ओढ बरीच कमी निघते. यात लाईट वाईट ठरत नाही. उलट बऱ्याच मध्यम टँकना अशी पेटी छान चालते. फक्त दोन लाईटची तुलना करताना खोक्यावरचा आकडा धरू नका.

टँक खोल घेणं आणि मग लाईटशी झुंजणं

दोन फूट खोल टँकमध्ये तळाशी अनेकदा वरच्या निम्म्याहूनही कमी पार पोचतो. दीड फूट खोलीचा, पण जास्त रुंद टँक घेतला तर त्याच लाईटमध्ये जास्त जागा उपयोगी पडते. टँक आधीच खोल असेल तर दुसरा लाईट घेण्याआधी दगडांची रचना बदलून पाहा: प्रकाश जास्त मागणारा जीव वरच्या कट्ट्यावर, मशरूम खाली सावलीत. लाईट पाण्यापासून किती उंच टांगला आहे तेही तपासा. फार उंच असेल तर निम्मा प्रकाश भिंतीवर आणि सोफ्यावर सांडतो. फार खाली असेल तर मधोमध एक तापलेला ठिपका पडतो आणि कडा अंधारात राहतात. आठ-दहा इंचांपासून सुरुवात करून बघावी.

उष्णता आणि वीजबिल न धरणं

जुना मेटल हॅलाईड (एलईडीआधीचा, खूप तापणारा प्रखर दिवा) सेट कोणी "जवळजवळ फुकट" देऊ केला तर आधी हिशेब करा. 250 वॅटचा दिवा रोज आठ तास म्हणजे रोज 2 युनिट, महिन्याला 60. खरी ओढ 90 वॅट असलेला एलईडी तेवढाच वेळ चालवला तर महिन्याला साधारण 22. आता स्लॅब बघा. महावितरणचा घरगुती दर 300 युनिटच्या पुढे आणखी चढतो. घराचा वापर 270 असेल तर हॅलाईडने तुम्ही 330 वर जाता आणि शेवटची 30 युनिट चढ्या दराने भरता. एलईडीने 292 वर थांबता.

त्यात हॅलाईड उष्णता थेट पाण्यावर फेकतो. मुंबईत मे महिन्यात टँकचं पाणी तसंच 30 अंशांच्या वर जाऊ पाहतं, आणि आपल्याला ते 25-27 च्या आसपास ठेवायचं असतं. मग चिलर आला. लहान चिलरही चालू असताना दीडशे-दोनशे वॅट खातो, आणि उन्हाळ्यात तो फारसा बंद होत नाही. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर साधा क्लिपचा पंखा लावला तरी दोन अंश उतरतात. कोकणातल्या दमट हवेत तो फार कामाचा नाही. पंखा लावलात तर उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या गोड पाण्याने करा, मिठाच्या नव्हे, नाहीतर क्षारता चढत जाते.

खिडकीतलं ऊन फुकट मिळतं म्हणून टँक तिथे ठेवणं हाही खोटा फायदा. तुम्हाला ना वेळ ठरवता येते, ना तापमान.

बिघाड दिसला की आधी हे बघा

प्रवाळ वरून पांढरा पडत चालला असेल आणि लाईट नुकताच बदलला असेल, तर प्रकाश जास्त होतोय. नवा एलईडी पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने कधीच लावू नका. 30-40 टक्क्यांवर सुरू करून महिन्याभरात हळूहळू वाढवा. उलट प्रवाळ तपकिरी होऊन वर लांबत असेल तर त्याला प्रकाश कमी पडतोय. ॲनिमोन जागा सोडून भटकत असेल तर बहुतेक वेळा तो प्रकाश किंवा प्रवाह शोधत असतो. त्याने जागा धरेपर्यंत पंपाच्या तोंडाला जाळी लावा.

हिरवं केसाळ शेवाळ किंवा लालसर चिकट थर आला की लोक लाईटला दोष देतात आणि नवा आणतात. आधी नायट्रेट आणि फॉस्फेट तपासा, माशांचं खाणं कमी करा, पाणी बदला. लाईट बारा तास चालू असेल तर आठवर आणा. साधा टायमर इथे सगळ्यात उपयोगी ठरतो. हाताने चालू-बंद केलं की रविवारी लाईट रात्री अकरापर्यंत जळतो आणि सोमवारी संध्याकाळी सहालाच लागतो. टी-फाईव्हच्या (बारीक ट्यूबलाईटच्या) नळ्या वापरत असाल तर वर्षाच्या आत बदला. त्या दिसायला उजळ असतात, पण त्यांचा प्रकाश घटलेला आणि बदललेला असतो.

सगळं पूर्वीसारखंच असताना प्रकाश मंदावल्यासारखा वाटतोय? लाईटची काच बोटाने पुसून पाहा. पाण्याचे तुषार वाळून तिच्यावर मिठाचा पांढरा थर बसतो आणि हळूहळू बराच प्रकाश अडवतो. आठवड्यातून एकदा, प्लग काढून, ओलसर मऊ कापडाने काच पुसा. तेच मीठ लाईटच्या पंख्यातही जातं. पंखा घरघरू लागला की लगेच बदला, कारण पंखा थांबला की तापून एलईडी मरतात, आणि पन्नास-शंभर रुपयांच्या पंख्यापायी अख्खा लाईट जातो.

घरी जोडून लाईट बनवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जिच्यात काटकसर अजिबात करू नका. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) टँकच्या झाकणाच्या आत ठेवू नका, बाहेर कोरड्या जागी ठेवा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मगच वर घ्या, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत न जाता खालीच गळून पडेल. अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या, आणि टँकच्या लाईनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाईन तोडणारा स्विच) बसवा. तो बसेपर्यंत पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढा.