गावात बॅले आणायचा तर आधी फळ्या पाहा

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, माझं बिछायत केंद्र आहे: मंडप, स्टेज, सतरंज्या भाड्यानं देतो. दिवाळी झाली की होळीपर्यंत गाडी घरी उभी राहत नाही. आज या गावचं नाटक, उद्या त्या गावची मंडई (आमच्याकडची जत्रा), मधे एखादं लगन. बॅले म्हणजे न बोलता नाचातून गोष्ट सांगणारा खेळ. एकदा बॅलेवाल्यांचं स्टेज बांधून दिलं तेव्हापासून आजूबाजूच्या मंडळांचे फोन येतात: भाऊ, आपल्या गावात होईल का जी? होईल. पण पुढचा प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, लोकांना समजेल का?

लोकांची चिंता करू नका. रात्री दहाला सतरंजीवर बसून उजाडेपर्यंत नाटक पाहणारी माणसं आहेत ही. दंडार, म्हणजे आपलं नाचगाण्याचं लोकनाट्य, पाहत मोठी झालेली. पाय कुठं पडला आणि कुठं चुकला, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नाही. कंपनी गावात येऊन फसते ती दवामुळे, फळ्यांमुळे आणि सत्कारामुळे. म्हणून त्याच क्रमानं सांगतो.

तारीख आणि वेळ

धान कापून, चुरून घरात आल्याशिवाय तारीख धरू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांध्यांमधले तुडतुडे दिव्यावर असे झेपावतात की स्टेजवर त्यांचा थर साचतो. नाटकात ते चालून जातं, बॅलेत नाचणारीचा पाय त्यावरून सटकतो. डिसेंबर-जानेवारी बरा. तरी स्टेजपासून दूर, मंडपाच्या मागच्या अंगाला एक मोठा पांढरा दिवा संध्याकाळपासूनच लावून ठेवा, उरलेसुरले किडे तिकडे जातात.

तारीख ठरवण्याआधी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला एक चक्कर मारा किंवा फोन करा. नाटक कंपन्यांचं बुकिंग तिथूनच चालतं, त्यामुळे शेजारच्या गावात त्या रात्री कोणतं नाटक आहे ते लगेच कळतं. गाजलेल्या नाटकाच्या आडवं जाण्यात शहाणपण नाही. त्यापेक्षा जोड द्या: साडेसहाला बॅले, दहाला नाटक, तिकीट एकच. लांबच्या गावचे लोक अंधार पडायच्या आत येऊन बसलेले असतात, त्यांना दोन-तीन तास काही तरी हवंच असतं. नवा प्रेक्षक मिळवायचा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही.

साडेसहाच का, तर दव. नऊनंतर उघड्यावरची फळी ओलसर व्हायला लागते. आमच्याकडे थंडीत पारा दहाच्या खाली जातो, आणि थंड अंगानं उडी मारली की स्नायू धरतो. शिवाय दहाच्या आत खेळ आटोपला की लाउडस्पीकरच्या वेळेचाही प्रश्न उरत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव आणि पोलीस स्टेशनची परवानगी मात्र लागतेच, ती आधी काढा.

फळ्या

इथं घाई करू नका. नाटकाचं आपलं स्टेज म्हणजे लोखंडी घोड्या, त्यावर फळ्या, त्यावर सतरंजी. खलनायक चालला की धाड धाड वाजतं, लोकांनाही ते आवडतं. बॅलेला हे स्टेज चालत नाही. नाचणारा पुन्हा पुन्हा उडी मारून खाली येतो, कधी एकाच पायावर. खाली फळी कडक असली की नडगी आणि गुडघा जातो. शाळेच्या पटांगणातल्या सिमेंटच्या ओट्यावर करू म्हणणारे भेटतात. त्यांना सरळ नाही म्हणा. सिमेंट अजिबात दबत नाही.

मी असं बांधतो. घोड्या जवळजवळ लावायच्या, चार फुटांचं अंतर ठेवायचं नाही. पाणपातळी लावून चारही कोपरे सारखे करायचे. नाटकवाल्यांना थोडा उतार चालतो, फिरक्या घेणाऱ्यांना नाही. फळ्यांवर आडव्या लाकडी पट्ट्या, पट्ट्यांखाली जुन्या ट्यूबच्या रबराचे दुहेरी तुकडे. त्यावर एकोणीस मिलिमीटरचा प्लाय, दोन थरांत. बत्तीस बाय चोवीस फुटांच्या स्टेजला आठ बाय चारच्या चोवीस शीट एका थराला लागतात, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका, विटा रचताना चुकवतो तसा चुकवा. खिळे नकोत. स्क्रू मारा आणि डोकी लाकडात बुडवा. मग चपला काढून, मोजे घालून पूर्ण स्टेजवर स्वतः चाला. मोजा जिथं अडकेल तिथं पॉलिश पेपर मारा. शेवटी चार पोट्ट्यांना एकदम उड्या मारायला लावा. फळी किंचित दबून वर यायला हवी. आवाज आला तर तिथं पट्टी सैल आहे.

यावर कंपनी आपला विनाइलचा गालिचा अंथरते, काळा किंवा राखाडी, लांब गुंडाळ्यांमध्ये येतो. गुंडाळ्या गाडीतून उतरल्या की दुपारीच उलगडून सपाट पडू द्या. उन्हानं तो वाढतो, आणि लगेच टेप मारली तर संध्याकाळी गार पडल्यावर ओढला जाऊन सांधे उघडतात. त्याच्याऐवजी फ्लेक्सचं बॅनर उलटं अंथरू का, असं विचारणारेही आहेत. ते गुळगुळीत असतं, पाय मोडेल कोणाचा तरी. पुसायला फिनेल नको, साबण नको. साधं पाणी, घट्ट पिळलेलं फडकं. पाय सटकू नये म्हणून नाचणारे कधी बुटांच्या टोकाला राळेची भुकटी लावतात. किराणा दुकानात मिळते, पण आपल्या मनानं स्टेजवर शिंपडू नका. काही कंपन्यांना विनाइलवर राळ चालत नाही, त्यांना विचारा.

वरती ताडपत्री दुहेरी. आणि नाटकाचे माइक दोऱ्यांनी लोंबत असतात ना, ते सगळे काढा. एका मुलानं मुलीला डोक्याच्या वर उचललं की तिचं कपाळ नेमकं त्या माइकच्या उंचीवर येतं.

नारळ, सत्कार, फुलं

नटराजाची पूजा करायची, नारळ फोडायचा, त्यात दुमत नाही. पण नारळ स्टेजच्या खाली, समोर जमिनीवर फोडा. नारळाचं पाणी विनाइलवर सांडलं की चिकट होतं आणि मग घसरतं, दोन्ही. हळद-कुंकू ताटातच राहू द्या. गुलाल नको, पाकळ्या नकोत. फुलं उधळायची असतील तर शेवटी, सगळे वाकून नमस्कार करतात तेव्हा.

सत्काराचं बोलणं आधीच करून ठेवा, नाही तर ऐन वेळी कोणाचं मन मोडता येत नाही. नाचणारे पडदा उघडायच्या तासभर आधीपासून अंग तापवत असतात, खुर्चीची किंवा बल्लीची पाठ धरून. नंतर पाहुण्यांची भाषणं पाऊण तास चालली की ते कनातीमागं थंड पडतात, सगळी मेहनत वाया. आमच्याकडे माइक एकदा हातात आला की सुटत नाही, म्हणून शाल-श्रीफळ मध्यंतरात ठेवा आणि साउंडवाल्याला आधीच डोळ्यानं खूण ठरवून द्या.

पाय दिसले पाहिजेत

नाटकाला चेहरा दिसला की पुरे. बॅलेला मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही घोटा दिसायला हवा. स्टेज पाच फूट उंच केलं तर पुढं सतरंजीवर बसलेल्यांना पाय दिसतच नाहीत. साडेतीन फूट ठेवा आणि पहिली सतरंजी दहा फूट मागं टाका. त्या मोकळ्या जागेत लेकरं घुसतातच, म्हणून दोरी बांधून दोन माणसं बसवा. खुर्च्या सगळ्या मागं, कोणत्याही पाहुण्याची खुर्ची पुढं नको.

राजवाड्याचा, बगिच्याचा रंगवलेला पडदा टांगू नका. साधा काळा किंवा फिका निळा. दिवे समोरून मारले की माणूस चपटा दिसतो. नाचाचे दिवे दोन्ही विंगांमधून, आडवे येतात: एक नडगीच्या उंचीवर, एक कमरेच्या, एक डोक्याच्या. मग हातापायांची गोलाई उठून दिसते. जनरेटर बिनआवाजाचा घ्या आणि तरी मंडपापासून लांब ठेवा. व्हायोलिनच्या बारीक सुरात डिझेलचा घरघराट फार वाईट वाटतो.

मैदानाबद्दल कमीपणा मानू नका. ॲना पावलोव्हा ही रशियन नर्तकी 1919 साली मेक्सिको शहरात बैलझुंजीच्या रिंगणात नाचली होती, हजारो लोकांसमोर. आपल्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, मैदानावर स्टेज पडलं तर त्यात काय वाईट?

गोष्ट कोणती घ्यावी

कंपनी बहुतेक वेळा ‘स्वान लेक’ ही हंसांची गोष्ट सुचवते, तिचं नाव मोठं आहे. मी म्हणतो ‘जिझेल’ मागा. 1841 साली पॅरिसला पहिल्यांदा झालेला बॅले आहे, पण झाडीत बसलेल्या माणसाला अगदी ओळखीचा. खेड्यातली पोरगी, नाचायची वेडी, काळजानं नाजूक. एक सरदार साध्या माणसाचा वेश घालून तिला नादी लावतो. त्याची सोयरीक आधीच मोठ्या घरी जुळलेली असते. गावातला दुसरा एक, जंगलाचा राखणदार, सरदाराची तलवार शोधून काढून सगळ्यांसमोर बिंग फोडतो. पोरगी वेडी होते, तिथंच मरते. दुसऱ्या अंकात रात्रीचं रान, आणि लग्नाआधी मेलेल्या मुलींची भुतं. हाती लागलेल्या माणसाला ती नाचवून नाचवून मारतात. राखणदाराचा जीव जातो. सरदाराला मात्र जिझेल उजाडेपर्यंत वाचवते. रात्रभर जागून पहाटेची वाट पाहायची सवय असलेल्या लोकांना यात समजावून काय सांगायचं?

पूर्ण दुसऱ्या अंकाला भुतांचा मोठा ताफा लागतो, आठ-दहा जणांच्या कंपनीला तो जमत नाही. त्यांना निवडक प्रसंग करू द्या आणि मधे आपला निवेदक ठेवा. लंडनचं इंग्लिश नॅशनल बॅले लहान मुलांसाठी ‘माय फर्स्ट बॅले’ नावाचे आटोपशीर खेळ निवेदनासकट करतं, तेव्हा ही खेड्यासाठीची तडजोड आहे असं कोणी समजू नये. निवेदक झाडीबोलीत बोलणारा घ्या, दर प्रसंगाला पाच-सहा वाक्यं. नाच चालू असताना एक अक्षरही नाही.

सुरुवातीला त्याच निवेदकाकडून खुणा शिकवून घ्या. तळहात चेहऱ्याभोवती फिरवला की सुंदर. अनामिकेकडे बोट दाखवलं की लग्न. दोन्ही हात डोक्यावर एकमेकांभोवती फिरवले की नाच. दोन बोटं वर उचलली की शपथ. मुठी आवळून मनगटं समोर खाली आडवी टाकली की मरण. पहिल्या अंकात जिझेलची आई भुतांची गोष्ट अशाच खुणांनी सांगते. आमच्याकडे तिनं मुठी आवळून मनगटं आडवी केली आणि बायकांच्या बाजूनं ‘मरते बाई आता’ असा आवाज आला. निवेदकानं काही सांगायच्या आधीच.

पायाच्या बोटांवरचा युरोपी बॅलेच हवा असं नाही. शांती बर्धन यांनी 1952 साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला, त्यांच्या रामायणात माणसंच कठपुतळ्यांसारखी हलत. पुढं गुल बर्धन यांनी तो ताफा चालवला, मुक्काम ग्वाल्हेरला आणि मग भोपाळला गेला. तशा वाटेची मंडळी मिळाली तरी गावाचं भलंच. चौकशी सुरू करायला नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र बरं.

सकाळी शाळेत

खेळाच्या दिवशी सकाळी दोन नाचणाऱ्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत न्या. भाषण नको. त्यांनी रोजचा सराव करायचा, पोरांनी मागं उभं राहून करून पाहायचं. मग बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचा एक जुना बूट हातोहात फिरवा. टोकात लाकूड आहे, लोखंड आहे, अशा पैजा लागतात. आत असतात कापड आणि कागदाचे थर, सरसानं घट्ट केलेले, वरून साटीन. बूट वाजवून, दाबून, वास घेऊन पाहू द्या. ती पोरं संध्याकाळी घरच्यांना ओढून आणतात, ऑटोवरच्या भोंग्यापेक्षा जास्त. भोंगा तरी बाजाराच्या दिवशी फिरवाच.

मुलामुलींचे घट्ट कपडे हा प्रश्न निघतो, आणि बहुतेक वेळा तो चौकातल्या पानठेल्यावरच निघतो. अंगणवाडीच्या ताईला किंवा शाळेतल्या बाईंना आधी विश्वासात घ्या. सकाळी शाळेत त्यांनी पाहिलं की त्या बाहेर बरोबर सांगतात: पायाची रेष दिसावी म्हणून ते कपडे आहेत. शिट्टीचं काय करायचं ते निवेदकावर सोडा, हसत एकदा सांगितलं की पुरतं. टाळी मात्र अडवू नका, फिरक्या संपल्यावर टाळी वाजवणं बॅलेतही चालतं. बक्षिसाच्या नोटा घेऊन स्टेजवर चढू द्यायचं नाही, चिठ्ठी आणि पैसे खाली मंडळाच्या टेबलावर.

मुक्काम

गावात लॉज नसला म्हणून दौरा मोडत नाही. न्यूझीलंडमध्ये पोल न्याट या डॅनिश नर्तकानं 1953 साली बॅले कंपनी काढली, ती गावोगाव फिरायची आणि नाचणारे लोकांच्या घरी उतरायचे. दोघा-दोघांना एका घरी द्या. गरम पाणी, दाराला आतून कडी असलेलं न्हाणीघर, सपाट झोपायची जागा. खेळाआधी ते थोडंच खातात: केळी, वरण-भात, पोहे. झणझणीत रस्सा रात्री, खेळ झाल्यावर, आणि तेव्हा भात जास्त टाका. कपडे बदलायला शाळेची बंद खोली द्या. शेकोटी बाहेर, खोलीत धूर नको.

पैशाचं एकच सांगतो: गाडीभाडं आणि अर्धी बिदागी आधी, उरलेली मध्यंतरात रोख, हे कागदावर लिहून घ्या. तिकीटविक्रीवर सोडलेला व्यवहार मी बुडताना पाहिला आहे.

खेळ झाला की पंधरा मिनिटं नाचणाऱ्यांना स्टेजच्या कडेला बसवा, लोक येऊन विचारतील. तोवर आपली माणसं विनाइल सोडवायला लागू द्या, कारण दहाच्या नाटकाला ते स्टेजवर नको. टेप आधी, मग गुंडाळी पाइपवर, दुमडायची नाही. स्क्रू डब्यात मोजून भरा. प्लाय रात्रभर दव खातो, म्हणून सकाळी नाटक उठल्यावर लगेच थप्पी लावू नका. उन्हात आडवा सुकवा, दुपारी उलटवा, मग आडवाच रचा. भिंतीला उभा टेकवला तर बाक येतो आणि पुढच्या वर्षी तो स्टेजला कामाचा राहत नाही.