बर्न ते साल्झबर्ग विमानाने किती वेळ? हिशोब करताना या चुका टाळा

स्वित्झर्लंड-ऑस्ट्रिया एकत्र करणारे बरेच जण विचारतात की बर्नहून साल्झबर्गला विमानाने किती वेळ लागेल, कारण कुठल्यातरी डिस्टन्स कॅल्क्युलेटरवर त्यांनी बघितलेलं असतं, ४२५ किलोमीटर, साधारण एक तास, आणि त्या एका तासाच्या भरवशावर हॉटेलंपण बुक झालेली असतात. अंतर बरोबर आहे हो, पण ते दोन धावपट्ट्यांमध्ये सरळ दोरी ताणून मोजलेलं. त्या दोरीवरून विमान जातं का, ते तो कॅल्क्युलेटर सांगतच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, फ्लाइट असेलच असं धरून चालणं. बर्नचं विमानतळ बेल्पला आहे, एकदम छोटं, तिथली स्कायवर्क ही लोकल एअरलाइन ऑगस्ट २०१८ मध्ये बंद पडली, आता मुख्यतः उन्हाळ्यात सुट्टीच्या ठिकाणी जाणारी विमानं असतात. साल्झबर्गच्या थेट विमानाची आशा धरू नका. आधी विमानतळाच्या स्वतःच्या साइटवर तुमच्या तारखेचं टाइमटेबल बघा आणि मगच बाकीचं ठरवा.

आता तो एक तास येतो कुठून? बहुतेक कॅल्क्युलेटर ताशी ८०० किलोमीटर धरतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकतात, झालं. छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर ७२ सारखी पंख्याची विमानं असतात, ती ताशी ५०० च्या आसपास जातात. उलटंही होतं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी फ्लाइट आहे, अंतर जेमतेम २.७ किलोमीटर आणि टाइमटेबलमध्ये वेळ दोन मिनिटं, पण फॉर्म्युला तिथेही अर्धा तासच सांगणार!

विमानतळाचा तीन अक्षरी कोड नीट बघा, हे कळकळीने सांगतोय कारण माझं स्वतःचं असं झालंय. बीआरएन म्हणजे बर्न आणि बीआरक्यू म्हणजे चेक प्रजासत्ताकातलं बर्नो. मी घाईत यादीतलं दुसरं नाव दाबलं आणि अंतर ३१० किलोमीटर आलं, नकाशा उघडला तेव्हा रेघ पूर्वेकडून येताना दिसली, म्हणून लक्षात आलं. युनिटचंही तसंच, बर्न-साल्झबर्गचं ४२५ किलोमीटर अंतर मैलात २६५ आणि नॉटिकल मैलात २३० होतं, त्यामुळे दोन साइटवर दोन आकडे दिसले तर आधी युनिट बघायचं.

तिकिटावरच्या वेळा लोकल असतात हेही विसरू नका. बर्न आणि साल्झबर्गची वेळ एकच, पण ब्रिटन, आयर्लंड, पोर्तुगाल एक तास मागे, त्यामुळे तिकडे जाताना प्रवास एक तासाने कमी दिसतो आणि परत येताना जास्त.

आणि विमानतळाच्या नावातल्या शहरावर जाऊ नका. फ्रँकफर्ट-हान फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून साधारण ८५. बसचा वेळ आणि भाडं धरलं की स्वस्त तिकीट स्वस्त राहत नाही.

मग बर्न-साल्झबर्ग करायचं कसं? ट्रेनने. बर्नहून झुरिक एक तास, तिथून रेलजेट ही ऑस्ट्रियाची वेगवान ट्रेन इन्सब्रुकमार्गे साधारण साडेपाच तासात साल्झबर्गला सोडते, गाडी बदलण्याचा वेळ धरून सात तास ठेवा. झुरिकहून निघताना डावीकडची खिडकी पकडा, वालेनझे तलाव त्याच बाजूला येतो, रुळांना अगदी लागून.