मीठ, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन: या चुका टाळा

बीपी वाढलं की मीठ कमी करायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. मीठ बदललं की हार्मोनही बदलतात, हे मात्र नेमकं रेनिन आणि अल्डोस्टेरॉन या हार्मोनांच्या रक्ततपासणीच्या वेळी विसरलं जातं.

तपासणीआधी अळणी जेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सोडियम कमी पडलं की मूत्रपिंड रेनिन सोडतं. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन-२ बनतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि मूत्रपिंडावरची अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडून सोडियम अडवते. अल्डोस्टेरॉन गरजेशिवाय जास्त बनतंय का, हे पाहायला त्याला रेनिननं भागतात.

हमखास घडणारा प्रकार असा: तीन औषधं चालू, तरी वरचं बीपी १६०, पोटॅशियम ३.१, म्हणजे कमी. तपासणी ठरते आणि रिपोर्ट चांगला यावा म्हणून रुग्ण पंधरा दिवस मीठ सोडतो. परीक्षेआधीचा अभ्यासच जणू! रेनिन चढतं, भागाकार उतरतो, रिपोर्ट नॉर्मल येतो. फाइल बंद होते, जास्त अल्डोस्टेरॉनचा आजार तसाच राहतो. त्यात पोटॅशियम कमी असलं की अल्डोस्टेरॉनही दबतं, म्हणजे फसगत दुहेरी.

म्हणून मीठ नेहमीइतकंच ठेवा आणि पोटॅशियम आधी भरून काढा. अल्डोस्टेरॉनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू असेल तर ती किमान चार आठवडे बंद असावी लागते, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं. सकाळी उठून दोन तास झाल्यावर, ५ ते १५ मिनिटं बसून रक्त द्या. नळी बर्फात नको. थंडीत प्रोरेनिन (रेनिनचं निष्क्रिय पूर्वरूप) सक्रिय होऊन रेनिन खोटं वाढतं. सोबत २४ तासांच्या लघवीतलं सोडियम मोजून घ्यावंच, कारण ‘मी मीठ कमीच खातो’ यावर विसंबण्यात अर्थ नाही. लघवीत १०० मिलिमोल सोडियम म्हणजे सुमारे ५.८ ग्रॅम मीठ. पहिल्या सकाळची लघवी टाकायची, दुसऱ्या सकाळची धरायची. बरेचजण नेमकं उलटं करतात.

कमी सोडियमचं मीठ मनानं सुरू करणं

त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या अल्डोस्टेरॉन कमी करतात, त्यामुळे पोटॅशियम बाहेर पडायला आधीच अडचण. मूत्रपिंड अधू असेल तर हृदयाचे ठोके बिघडण्याइतकं ते साठू शकतं. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम तपासा, मग डबा बदला.

‘गोळी आहे, मग मीठ चालतं’

भरपूर मिठानं रेनिन आधीच दबलेलं असतं. अशा वेळी अँजिओटेन्सिन-२ ला रोखणारी सार्टन (टेल्मिसार्टनसारखी गोळी) अडवणार काय? डोस वाढवण्याआधी मीठ मोजा.

दोन दिवसांत फरक शोधणं

मीठ कमी केल्यावर सुरुवातीला उतरतं ते पाण्याचं वजन. बीपीचा निकाल चार आठवड्यांनी लावा.

सैंधव खाऊन निर्धास्त होणं

तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

उलट्या-जुलाबांतही मीठ बंद ठेवणं

लघवी वाढवणारी गोळी आणि सार्टन दोन्ही चालू असतील तर बीपी धाडकन पडतं, मूत्रपिंडावर ताण येतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

पाकिटावरचं सोडियम म्हणजेच मीठ समजणं

सोडियमला २.५ नं गुणा. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियमची, म्हणजे ५ ग्रॅम मिठाची आहे.