उतरणीवरची गणितं कशी सोडवावीत

पुठ्ठा-बांधणीच्या वहीवर खोडरबर ठेवा आणि वहीची एक कड हळूहळू उचला. बराच वेळ खोडरबर जागचं हलत नाही, मग एकदम सटकतं. ते नेमकं त्याच क्षणी का सटकलं हे सांगता आलं, की उतरण समजली.

आधी आकृती काढा. खोडरबरावर तीनच बाण: वजन सरळ खाली, अभिलंब बल (वही खोडरबराला ज्याने ढकलते ते) वहीला काटकोनात आणि घर्षण वहीला धरून वरच्या बाजूला. ‘खाली घसरवणारं बल’ म्हणून चौथा बाण काढायचा मोह होतो. काढू नका, तो वजनाचाच एक भाग आहे.

आता अक्ष तिरपे घ्या, एक उतरणीला समांतर आणि दुसरा तिला लंब. खोडरबर वहीत घुसत नाही की वर उडत नाही, त्यामुळे लंब दिशेला त्वरण शून्य. निम्मं गणित इथेच सुटतं. वजनाचा समांतर घटक म्हणजे वजन × उतरणीच्या कोनाचा साइन, लंब घटक म्हणजे वजन × त्याच कोनाचा कोसाइन. कुठे काय, हे पाठ करू नका. वही आडवी ठेवली तर घसरवणारं काहीच उरत नाही, आणि शून्य अंशाचा साइन शून्य असतो. म्हणून समांतर घटकात साइन.

सगळ्यात जास्त चुका पुढच्या पायरीवर होतात. अभिलंब बल वजनाइतकं नसतं, ते वजन × कोसाइन एवढंच असतं. घर्षण काढताना घर्षणाच्या गुणांकाने (दोन पृष्ठभागांमध्ये घर्षण किती, हे सांगणारा आकडा) यालाच गुणायचं.

समजा २ किलोचा ठोकळा ३० अंशांच्या उतरणीवरून घसरतोय आणि गतिक घर्षणाचा (घसरत असतानाच्या घर्षणाचा) गुणांक ०.२ आहे. वजन १९.६ न्यूटन, समांतर घटक ९.८, अभिलंब बल सुमारे १७, घर्षण ३.४. उरले ६.४ न्यूटन. त्याला २ ने भागलं की त्वरण ३.२ मीटर प्रति सेकंद वर्ग.

ठोकळा स्थिर असेल तर मात्र सावध राहा. स्थितिक घर्षण, म्हणजे वस्तू हलत नसतानाचं घर्षण, गरजेपुरतंच असतं; गुणांक × अभिलंब बल ही त्याची कमाल मर्यादा. खोडरबर सटकतं ते समांतर घटक ही मर्यादा ओलांडतो तेव्हा. त्या क्षणी वजन × साइन = गुणांक × वजन × कोसाइन, म्हणजे गुणांक = साइन ÷ कोसाइन, म्हणजेच उंची ÷ आडवं अंतर. म्हणून त्या क्षणी वर उचललेल्या कडेची उंची मोजा आणि तिला वहीखालच्या आडव्या अंतराने भागा (वहीच्या लांबीने नव्हे). १२ सेंटिमीटर भागिले २४, म्हणजे गुणांक ०.५. वस्तुमान यात कुठेच येत नाही! खोडरबरावर नाणं ठेवून पुन्हा करून बघा, कोन जवळपास तोच येईल.