गाडीचं ॲव्हरेज पडलंय? या चुका टाळा

ॲव्हरेज कमी झालं की पहिला संशय पेट्रोल पंपावर जातो. मग पाचशेऐवजी ५१० रुपयांचं पेट्रोल भरायचं, पहाटे गार पेट्रोल मिळतं म्हणून सकाळीच पंप गाठायचा, असे उपाय सुरू होतात. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही, आणि ५०० काय, ५१० काय, मशीन मोजतं सारखंच. मापाचा खरोखर संशय असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं. ते मागा आणि आपल्यासमोर मोजून घ्या, तो ग्राहकाचा हक्क आहे.

पण त्याआधी ॲव्हरेज नीट मोजा. ‘हजाराचं टाकलं, इतकी चालली’ हा हिशेब नव्हे. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. तीन-चारशे किलोमीटरनंतर शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. नोझल बंद झाल्यावरही ‘अजून थोडं टाका’ म्हणू नका. पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल शिरलं की तो खराब होतो.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे थोडी घट धरूनच चला. १८ चे १४ झाले असतील तर मात्र कारण गाडीत किंवा चालवण्यात शोधायला हवं.

सगळ्यात घातक सवय म्हणजे घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकणं. खंबाटकी असो, ताम्हिणी असो की आंबेनळी, ‘तेवढंच पेट्रोल वाचतं’ म्हणत लोक उतार लागला की गिअर काढतात. जुन्या, कार्बोरेटरच्या (यांत्रिक पद्धतीने हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या) गाड्यांच्या काळात या सवयीला थोडा तरी आधार होता. आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक मोजून इंधन सोडतो अशा गाड्यांमध्ये उलट घडतं. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंजिनाचं इंधनच तोडतो. इंजिनाला फिरवण्याचं काम चाकं करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे बचत शून्य, वर गाडी थोपवण्याचा सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापत जातात आणि नेमक्या वळणावर धरेनासे होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. घरातल्या नवशिक्या मुलांना हे कृपा करून पहिल्याच दिवशी सांगा.

दुसरी चूक हाफ क्लचची, म्हणजे क्लच अर्धवट दाबून ठेवण्याची. चढावर सिग्नलला हँडब्रेक न लावता क्लचवर गाडी तोलून धरणं, चालवताना डावा पाय पेडलवर टेकलेला ठेवणं. क्लचची प्लेट घासत राहते, इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. खूण ओळखायला सोपी आहे: चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. ही अवस्था आली की क्लच बदलण्याला पर्याय उरत नाही, आणि तो खर्च कित्येक महिन्यांच्या पेट्रोल बचतीला पुरून उरतो.

टायरची हवा गाडी थंड असताना तपासायची. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. ‘उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमी ठेवा’ हा सल्ला ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि उलट जास्तच तापतो. टायरकडे नीट पाहिलं तर तोच सांगतो: दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर जास्त, एकच बाजू झिजली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलेली.

पावसाळ्यात आमच्या शेजाऱ्यांची गाडी महिनाभर हँडब्रेक लावून उभी होती. नंतर ॲव्हरेज एकदम कोसळलं. मागचा एक ब्रेक गंजून चिकटला होता. असा संशय असेल तर फारसे ब्रेक न मारता दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि चाकाजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक भाजत असेल तर तिथे ब्रेक अडकलाय. गाडी बरेच दिवस सपाट जागी उभी करायची असेल तर गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा.

‘या वर्षी तीनच हजार किलोमीटर झाले’ म्हणून सर्व्हिसिंग पुढे ढकलणं हीसुद्धा चूकच. बहुतेक गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असा नियम असतो. घर ते मंडई अशा छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, म्हणून ते लवकर खराब होतं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी झालं तर बोअरचं पाणी ओतू नका, क्षार रेडिएटरमध्ये साचतात. आणि ते पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर गळती शोधा.

सर्व्हिस सेंटरला जाताना गाडीचं मॅन्युअल सोबत न्या. इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग अशी इंजिन आतून साफ करण्याच्या कामांची नावं जॉब कार्डवर (कामांच्या यादीवर) दिसली की विचारा, हे मॅन्युअलच्या कोणत्या पानावर आहे? त्यात नसेल आणि गाडीला तशी काही तक्रार नसेल, तर सही करण्याआधी ती ओळ खोडायला लावा.