ते लॉक नेमकं कशाचं?

ड्रायव्हर अनलोड करताना मशीन अडकतं, पण वीसातून एखाद्या वेळीच. लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, लॉकिंगमधलं माझ्याकडे आलेलं पहिलं काम हे. एकाच डेटाला दोघांनी एकाच वेळी हात लावू नये म्हणून लॉक असतं. पुण्यातल्या एका कंपनीत मी नुकतीच लागले होते. सी बरी यायची, डेडलॉकची (दोघं एकमेकांसाठी कायमचे खोळंबण्याची) व्याख्या कॉलेजात पाठ झालेली होती. चार दिवस लॉग वाचण्यात गेले. अडकलेल्या दोन टास्कचे स्टॅक (कुठलं फंक्शन कुठून बोलवलं गेलं याच्या याद्या) शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा कुठे उलगडा झाला.

डिव्हाइस बंद करणारं फंक्शन आधी म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) घ्यायचं, 'चालू' हा फ्लॅग खाली करायचं आणि वर्कक्यूमधलं (मागाहून करायच्या कामांच्या रांगेतलं) काम थांबवण्यासाठी 'कॅन्सल_वर्क_सिंक' बोलवायचं. यातलं 'सिंक' महत्त्वाचं. काम आधीच सुरू झालेलं असेल तर ते संपेपर्यंत हे फंक्शन परत येत नाही. आणि त्या कामाची पहिलीच ओळ होती तेच म्युटेक्स घेण्याची. बंद करणारा कामासाठी खोळंबलेला, काम म्युटेक्ससाठी खोळंबलेलं आणि म्युटेक्स बंद करणाऱ्याच्याच हातात. काम नेमकं त्या क्षणी सुरू झालं तरच हे जुळून यायचं, म्हणून वीसातून एकदा.

मी म्युटेक्स आधी सोडलं आणि कॅन्सल त्याच्या खाली नेलं. दोन ओळींचा बदल. चाचणी रात्रभर चालली, मशीन अडकलं नाही. रिव्ह्यूला टीममधल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एकच विचारलं, "हे म्युटेक्स कशाचं रक्षण करतं?" मी म्हटलं, "बंद करणाऱ्या फंक्शनचं." ते म्हणाले, "फंक्शनचं नाही गं, डेटाचं सांग. कुठली फील्ड्स?"

मला सांगता येईना. त्या स्ट्रक्चरमध्ये 31 फील्ड्स होती, मधेच कुठेतरी ते म्युटेक्स, आणि त्यावर कॉमेंट नाही. मग मी कागद घेतला आणि एकेक फील्ड कोण वाचतं, कोण लिहितं, त्या वेळी हातात कुठलं लॉक असतं, याचा तक्ता केला. आठवडा लागला. तक्त्यात दिसलं की इंटरप्ट हँडलर (डिव्हाइसने हाक दिली की चालणारं फंक्शन) फ्लॅग न बघताच काम रांगेत टाकतो. म्हणजे माझ्या दुरुस्तीनंतरही, कॅन्सल झाल्यावर एखादा इंटरप्ट आला तर काम पुन्हा रांगेत जाणार आणि मोकळी केलेली मेमरी वाचणार. मी डेडलॉक घालवून त्याहून वाईट चूक उघडी ठेवली होती.

खरी दुरुस्ती क्रमाची होती. आधी इंटरप्ट सोडायचा. 'फ्री_आयआरक्यू' चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं. मग काम रद्द करायचं, मग मेमरी सोडायची. काम रांगेत टाकणारा तो हँडलर एकटाच होता, त्यामुळे हा क्रम लागल्यावर फ्लॅगची गरजच उरली नाही, आणि बंद करणाऱ्या फंक्शनला म्युटेक्सचीही. कोड कमी झाला तो असा. लॉकिंग सोपं करणं म्हणजे लॉक उडवणं, अशी नव्या माणसाची समजूत असते. माझीही होती. प्रत्यक्षात तक्ता आधी होतो, त्यातून कधी लॉक जातं, कधी फ्लॅग जातो, आणि कधी काहीच जात नाही, फक्त नियम लिहिला जातो. तेही काम मोलाचं आहे.

हे एका ड्रायव्हरपुरतं वाटत असेल तर लिनक्सच्या बिग कर्नल लॉकची हकीकत बघा. 1996 मध्ये 2.0 आवृत्तीत एकाहून जास्त सीपीयूंचा आधार आला, तेव्हा सगळ्या कर्नलला मिळून हे एक लॉक होतं. पुढे बारीक लॉक्स येत गेली तरी हे पूर्णपणे निघायला 2011 उजाडलं, 2.6.39 आवृत्ती. पंधरा वर्षं! त्याचा स्वभावच तसा होता. धरलेलं असताना टास्क झोपला तर शेड्युलर (कुठला टास्क कधी चालवायचा ते ठरवणारा भाग) ते आपोआप सोडायचा आणि जाग आल्यावर परत घ्यायचा. एकाच टास्कला ते पुन्हा पुन्हा घेताही यायचं. त्यामुळे एखाद्या जुन्या फाइलमध्ये ते कशासाठी घेतलंय, हे वाचून कळायचं नाही. काढणाऱ्यांना जागोजागी तोच तक्ता मांडावा लागला.

धीराने केलेल्या कामाचं उदाहरण मला मेमरी मॅनेजमेंटमधलं आवडतं. प्रत्येक प्रोसेसच्या पत्त्यांच्या नकाशावर एक रीड-राइट सेमाफोर (वाचणाऱ्या अनेकांना किंवा लिहिणाऱ्या एकालाच मिळणारं लॉक) असतो, त्याचं जुनं नाव 'एममॅप_सेम'. तो सगळीकडे थेट घेतला जायचा. 2020 मध्ये, 5.8 आवृत्तीत, त्याचं नाव 'एममॅप_लॉक' झालं आणि तो घेण्या-सोडण्यासाठी स्वतंत्र फंक्शन्स आली. वागणूक तीच राहिली. वरवर बघणाऱ्याला हा निव्वळ नावबदल वाटेल, पण त्यामुळे पुढचे बदल एका जागी करता येऊ लागले. 2023 मध्ये 6.4 आवृत्तीत मेमरीच्या प्रत्येक भागाला वेगळं लॉक आलं आणि बरेचसे पेज फॉल्ट (हव्या त्या पत्त्यावर मेमरी अजून जोडलेली नसल्याच्या वेळा) ते मोठं लॉक न घेता सुटू लागले. तुमच्या वाट्याला असा 'नुसता' नावबदल आला तर तो मन लावून करा.

आता हत्यारांबद्दल. कर्नल क्यूएमूमध्ये (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बूट करा आणि कॉन्फिगमध्ये 'प्रूव्ह लॉकिंग' आणि 'डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप' ही दोन्ही चालू ठेवा. पहिल्याने लॉकडेप, म्हणजे लॉक्स कुठल्या क्रमाने घेतली जातात ते तपासणारं हत्यार, जागं होतं; दुसरं, झोपायची मुभा नसलेल्या ठिकाणी कोड झोपला तर सांगतं. 2006 पासून लॉकडेप कर्नलमध्ये आहे आणि माझ्या मते नवशिक्याचा त्याहून चांगला गुरू नाही. प्रत्यक्ष डेडलॉक व्हावाच लागतो असं नाही. एका वाटेने 'अ' घेऊन 'ब' घेतलं आणि तासाभराने दुसऱ्या वाटेने 'ब' घेऊन 'अ', तरी ते दोन्ही क्रम लक्षात ठेवून तक्रार करतं. माझा तो डेडलॉकही त्याने पकडला असता, कारण वर्कक्यूमधल्या कामाची वाट बघणंही ते लॉकसारखंच मोजतं. आमच्या चाचणीच्या कर्नलमध्ये ते बंद होतं.

दोन गोष्टी मात्र मला उशिरा कळल्या. पहिली तक्रार केली की लॉकडेप स्वतः बंद होतं. पुढे लॉग स्वच्छ दिसतो तो त्यामुळे; रीबूट करून परत बघा. आणि जी वाट चाललीच नाही तिच्याबद्दल त्याला काही माहीत नसतं, म्हणून एरर झाल्यावरच्या वाटा मुद्दाम चालवाव्या लागतात. तक्रार थांबावी म्हणून 'नेस्टेड' प्रकारचं (एकाच जातीची दोन लॉक्स मुद्दाम एकात एक घेतली आहेत, असं लॉकडेपला सांगणारं) लॉक फंक्शन वापरून मोकळं होणारे मी पाहिले आहेत. दोन लॉक्सचा क्रम कायम तोच का राहील, हे कमिट मेसेजमध्ये लिहिता येत नसेल तर ते करू नका. उलट 'लॉकडेप_असर्ट_हेल्ड' (इथे हे लॉक हातात असलंच पाहिजे, असं सांगणारी ओळ) सढळ हाताने घाला. "बोलवणाऱ्याने लॉक घेतलेलं असावं" ही कॉमेंट कुणी तपासत नाही, ही ओळ मात्र लॉकडेप चालू असलेल्या कर्नलमध्ये दर वेळी तपासली जाते.

2023 मध्ये 6.5 आवृत्तीपासून 'गार्ड' आणि 'स्कोप्ड_गार्ड' या लॉक घेण्याच्या नव्या रीती आल्या. ब्लॉक संपला की लॉक आपोआप सुटतं, त्यामुळे पाच ठिकाणी 'रिटर्न' असलेल्या फंक्शनमध्ये एका ठिकाणी अनलॉक राहून जाण्याची जुनी चूक टळते. मला ते मनापासून आवडतात. पण बदलताना दोनदा वाचा. साधा 'गार्ड' ब्लॉकच्या अखेरपर्यंत लॉक धरून ठेवतो. आधी अनलॉकनंतर होणारं काम, समजा युजरकडे डेटा कॉपी करणं, आता लॉकच्या आत येतं. तिथे 'स्कोप्ड_गार्ड' घ्या. आणि एकाच फंक्शनमध्ये अर्धं साफसफाईचं काम 'गोटू'ने, अर्धं 'गार्ड'ने, असं करू नका. मेंटेनर (कर्नलचा तो भाग सांभाळणारे) ते परत पाठवतात आणि बरोबरच करतात.

चूक दुरुस्त करणारा पॅच (पाठवायचा कोडबदल) आणि कोड सोपा करणारा पॅच नेहमी वेगळे ठेवा, दुरुस्ती आधी. जुन्या स्टेबल आवृत्त्यांमध्ये दुरुस्ती जायची असते आणि तिथे 'गार्ड' असेलच असं नाही.

पहिला पॅच काय द्यावा, असं मला दर वर्षी नवीन मुलं-मुली विचारतात. तुम्ही रोज वापरता त्या डिव्हाइसचा ड्रायव्हर उघडा आणि त्यातलं कॉमेंट नसलेलं एखादं म्युटेक्स किंवा स्पिनलॉक (न झोपता घिरट्या घालत वाट बघायला लावणारं लॉक) शोधा. कर्नलसोबत येणाऱ्या 'चेकपॅच' या तपासणीच्या स्क्रिप्टला 'स्ट्रिक्ट' हा पर्याय दिला तर अशी लॉक्स तीच दाखवते. अंदाजाने कॉमेंट लिहू नका, तक्ता करा. माझ्या त्या 31 फील्ड्सपैकी म्युटेक्सच्या खाली खरोखर येत होती फक्त नऊ, आणि त्यातलं एक फील्ड एका ठिकाणी लॉक न घेताच लिहिलं जात होतं.